घरातला आखाडा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘घरातला आखाडा’ असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प राहिले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, गिरण्यांच्या जमिनींवर बोलावे, फार झाले तर किमान वेतनावर. दंडबैठकांवर बोलायला दुसरी माणसे असतात, असे त्यांच्या मनात आले असावे. त्यांचे फारसे चुकले नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील एका कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. व्यायामशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही, आणि आमचे पोट पाहून ती असल्याचा संशयही कुणाला येणार नाही. परंतु हा विषय आमच्याकडे आपण होऊन चालत आला. चालत म्हणजे जिना चढून आला, आणि तोही अकरा मजले.

२०२० सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. टाळेबंदी अर्धीमुर्धी उठली होती, पण व्यायामशाळांना अजून कुलपे होती. महाराष्ट्रात ती त्या वर्षीच्या दसऱ्याला निघाली. ज्यांना परवडत होते त्यांनी घरातच व्यायामशाळा मांडायला घेतल्या होत्या. अशा दिवसांत घरपोच सामान देणारा एक तेवीस वर्षांचा मुलगा आमच्या कचेरीत आला, तो भिंतीला हात लावत. मध्य मुंबईतल्या एका उंच इमारतीत त्याने लोखंडी वजने पोचवली होती. दांडा, चकत्या आणि एक बाक, सगळे मिळून साठेक किलो. संसर्गाच्या भीतीने बाहेरच्या माणसाला लिफ्ट बंद. तीन खेपांत त्याने ते सामान अकराव्या मजल्यावर नेले, आणि तिसऱ्या खेपेला कमरेत काहीतरी सरकले. मजुरी खेपेवर नव्हती, वजनावरही नव्हती. चपलांचा जोड पोचवला असता तर जेवढी मिळाली असती तेवढीच. वरचे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी दार किलकिले करून आभार मानले, पाण्याची बाटली दिली. त्यांना कमरेचा घेर कमी करायचा होता. या पोराची कंबरच गेली. नुकसानभरपाईचा अर्ज आम्हीच लिहून दिला. उत्तर आले की सदर इसम कंपनीचा नोकर नसून भागीदार आहे, आणि भागीदाराला भरपाई नसते.

त्या रात्री आम्हाला झोप लागेना. तेच लोखंड. खालून वर नेणारा ते उचलतो तेव्हा त्याला हमाली म्हणतात. वर पोचल्यावर दुसरा माणूस तेच उचलतो, तेव्हा त्याला व्यायाम म्हणतात. हा फरक कुठून आला, आणि माणसाने आपल्या राहत्या घरात वजने आणून ठेवावीत ही कल्पना तरी कुणाला सुचली, याचा आम्ही शोध घेऊ लागलो. त्या शोधाची ही हकीगत आहे.

आमच्या वाचनात आलेला घरगुती व्यायामाचा पहिला चांगला दाखला लंडनचा आहे. जोसेफ अ‍ॅडिसन या इंग्रज लेखकाने १७११ सालच्या जुलै महिन्यात ‘स्पेक्टेटर’ या आपल्या पत्रात यावर एक निबंध लिहिला. तो सांगतो की खोलीच्या कोपऱ्यात आपण एक ‘मुकी घंटा’ बसवली असून रोज सकाळी तासभर तिच्यावर मेहनत करतो. ही मुकी घंटा म्हणजे काय? त्या काळी देवळातील अवजड घंटांचे दोर ओढून अंगे पिळदार झालेले लोक असत. तसाच दोर आणि तसेच वजन, पण घंटेचा टोल नाही, असे ते यंत्र होते. इंग्रजीत मुक्याला डंब आणि घंटेला बेल. आज आपण मुठीत धरतो त्या डंबेलला हे नाव कसे चिकटले याचा उलगडा इथे होतो. अ‍ॅडिसन भाड्याच्या खोलीत राहत होता. घरमालकीण आणि तिच्या मुली यांना त्याची वेळ ठाऊक होती, म्हणून त्या त्या तासाला कुणी आत येत नसे, असेही तो लिहितो. चाळीत आयुष्य काढलेल्या माणसाला या एका वाक्याचा फार हेवा वाटतो.

आमची झोप उडवणारा प्रश्न त्याच निबंधाच्या आरंभी आहे, हे पाहून आम्ही चकित झालो. अ‍ॅडिसन म्हणतो, अंगमेहनत दोन प्रकारची, एक पोटासाठी आणि दुसरी सुखासाठी. दुसरीला लोक व्यायाम म्हणतात, पण हेतू सोडला तर दोहोंत अंतर नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या गृहस्थाने आमच्या मनातले बोलून ठेवले होते. पण त्याचे म्हणणे आम्हाला पुरते पटले नाही. हेतू वेगळा हे खरे. परंतु आणखीही एक अंतर आहे, ते समजायला तुरुंगात जावे लागते.

घाबरू नका, आम्ही तुरुंगाचे अनुभव सांगत बसणार नाही. हा तुरुंग इंग्लंडातला. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या एका इंजिनियराने कैद्यांसाठी एक चक्र तयार केले. मोठ्या लाकडी पिंपाला बाहेरून पायऱ्या ठोकलेल्या. कैद्यांनी रांगेने उभे राहून त्या चढत राहायचे. पायरी पायाखालून खाली जाते, माणूस तिथेच राहतो. काही तुरुंगांत या चक्रावर दळण निघे वा पाणी चढे. पुष्कळ ठिकाणी काहीच निघत नसे, नुसता वारा दळला जाई. इंग्रजीत या चक्राला ट्रेडमिल म्हणत. १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडच्या तुरुंगांतून ही शिक्षा गेली. पुढे १९६८ साली अमेरिकेत डॉक्टर केनेथ कूपर यांचे हृदयाच्या व्यायामावरील पुस्तक गाजले, आणि ते वाचून विल्यम स्टॉब या इंजिनियराने घरात ठेवता येईल असा स्वस्त धावपट्टा काढला. नाव तेच, ट्रेडमिल! आज उंच इमारतींतील दिवाणखान्यांत खिडकीकडे तोंड करून जी मंडळी त्यावर चालतात, त्यांच्यातील फारच थोड्यांना ठाऊक असेल की या नावाच्या पहिल्या यंत्रावर माणसे शिक्षा म्हणून चढत होती.

पण चेष्टा पुरे. तुरुंगातील चक्र आणि घरातील पट्टा, दोन्हींवर माणूस तिथल्या तिथे राहतो, घाम दोघांनाही येतो. मग अंतर कशात आहे? पावले कोण मोजतो यात. कैद्याची पावले जेलर मोजी. आमच्या वडिलांची पावले साचा मोजीत असे. चार साच्यांमधून माणूस पाळीभर किती हिंडला हे कापडाच्या वारावर कळे. आपल्या खोलीतला अ‍ॅडिसन आपले स्वतः मोजीत होता, आणि दमला की थांबत होता. थांबण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या मेहनतीला व्यायाम म्हणावे, अशी आमची समजूत झाली. विद्वानांनी ती तपासावी.

आता आपल्याकडे वळू. आखाड्यातली साधने आपल्याकडे काही कमी नव्हती. जोडी, करेला, मल्लखांब, हत्ते, संतोला, लोखंडी साखळीची लेझीम. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. त्याचे खंड ज्यांना कुठे चाळायला मिळतील त्यांनी ते सोडू नयेत. एका माणसाच्या चिकाटीचा तो नमुना आहे. यांतील मुद्गलाचा प्रवास मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांनी आपल्या शिपायांना मुद्गल फिरवताना पाहिले आणि ही कसरत विलायतेत नेली. १८३४ साली डोनाल्ड वॉकरच्या पुस्तकात ती छापून आली. १८६० नंतर न्यूयॉर्कमध्ये सिम केहो याने गुळगुळीत रंगवलेले मुद्गल बनवून विकायचा कारखानाच घातला. दिवाणखान्यातील स्त्रियांसाठी हलके, पुरुषांसाठी जड. नाव ‘इंडियन क्लब’. पुढे हेच साहेबी कवायतीचा भाग होऊन आपल्या शाळांत परत आले. कापूस इथून मँचेस्टरला जायचा आणि धोतर होऊन यायचा, तसाच हा प्रकार. गिरणीकामगाराच्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही.

या मुद्गलांची शर्यत ऑलिंपिकमध्येही दोनदा झाली, १९०४ साली आणि १९३२ साली. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॉर्ज रॉथ हा अमेरिकन पहिला आला. ते मंदीचे दिवस. रॉथ बेकार होता. पदक घेतल्यावर तो स्टेडियमबाहेर आला आणि रस्त्यावर हात दाखवत, मिळेल त्या मोटारीत बसून घरी गेला, असे सांगतात. सुवर्णपदक खिशात आणि बसभाडे नाही! त्याच्याविषयी अधिक काही वाचायला मिळेल म्हणून आम्ही बरीच धडपड केली. असो.

घरातील व्यायाम हा व्यापार बनवला तो युजेन सँडोने. जन्म १८६७, प्रशियातील क्योनिग्जबर्ग शहरी. सर्कशीतला आणि नाटकघरातला बलवान म्हणून तो प्रथम गाजला. १८९७ साली त्याने लंडनमध्ये शरीरसंवर्धनाची संस्था काढली, आणि १९०१ साली तेथील अल्बर्ट हॉलमध्ये बांधेसूद शरीरांची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल होते. पण सँडोची खरी हुशारी वेगळीच. संस्थेत येणारे शंभर, न येणारे लाख, हे त्याने ओळखले. दाराच्या चौकटीला अडकवून ओढायचे रबरी पट्टे, मुठीत दाबायच्या स्प्रिंगचे डंबेल, सोबत तक्ता आणि पुस्तक. हे सारे टपालाने घरी. कारकून, दुकानदार, वकील, दिवसभर खुर्चीवर बसून ज्यांच्या पाठीला बाक येऊ लागला होता ती माणसे त्याची गिऱ्हाइके झाली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंगमेहनत ज्याच्या धंद्यातून गेली तोच तिला पैसे देऊन घरी बोलावू लागला. १९०४-०५ साली सँडो हिंदुस्थानात दौऱ्यावर आला होता. तो गेला, पण नाव ठेवून गेला. बिनबाह्यांच्या बनियनला आपण आजही सँडो म्हणतो. त्या बनियनमध्ये पाव-बटर खात बसलेला माणूस पाहिला की आम्हाला बिचाऱ्या सँडोची कीव येते.

त्याच्या आपल्याकडील गिऱ्हाइकांत एक राजा होता. औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. यांनी १८९७ पासून सँडोची साधने आणि पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने मेहनत केली. मग १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि विलायती साधने त्यांनी बाजूला ठेवली. पुढे त्यांनी सूर्यनमस्कारावर पुस्तके लिहिली, संस्थानातील शाळांत ते सक्तीचे केले, इतकेच काय, १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. ज्या शहरातून सँडोचे पट्टे औंधला आले त्याच शहरात औंधचा व्यायाम जाऊन पोचला. मुद्गलाला जे जमले नाही ते नमस्काराला जमले. तो आपल्या नावाने गेला.

आमचे राजेरजवाड्यांशी फारसे सख्य नाही. पण याच राजाने १९३९ साली आपल्या संस्थानातील सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना अमलात आणली, तेव्हा त्यांच्याविषयी आदराने बोलायला आमची जीभ अडखळत नाही. शिवाय त्यांनी सांगितलेली गोष्ट आमच्या पक्षाची आहे. व्यायामाला यंत्र नको, गडी नको, पैसा नको; माणूस पालथा पडेल एवढी जमीन असली की झाले. घरातला आखाडा एका माणसाच्या सावलीएवढा झाला.

परंतु, श्रोतेहो, तेवढी जमीन तरी होती का? आता आम्ही आमच्या घरी येतो.

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली शहरातील कामगार कुटुंबांच्या संसाराची पाहणी केली. शंभरातील ९७ कुटुंबे एका खोलीत राहत होती. त्याच दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. आमचा जन्म अशाच एका खोलीतला. आई, वडील, आम्ही चार भावंडे, आजी, आणि गावाकडून नोकरीसाठी आलेले तीन-चार जण. चूल, मोरी, ट्रंका आणि फळीवरची भांडी वजा जाता जी जमीन उरे तिच्यावर रात्री माणसे शिडीच्या पायऱ्यांसारखी झोपत. पहाटे नमस्काराला सात फूट जमीन हवी असेल तर आधी दोघांना उठवायला हवे, आणि त्यांतला एक रात्रपाळी करून तासाभरापूर्वीच आडवा झालेला असे. अ‍ॅडिसनच्या घरमालकिणीची आठवण आम्ही मघाशी उगीच काढली नाही.

जागेसारखीच वेळेची गोष्ट. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि उजेडाची अडचण संपल्याबरोबर दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा झाला, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा, १९४६ साली नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस. त्यापूर्वी, १८९० च्या जून महिन्यात, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने रविवारची सुट्टी मिळाली होती. बारा तास उभे राहून आलेल्या माणसाला व्यायामाचे फायदे सांगणारा मनुष्य एक तर मूर्ख असतो किंवा मालक. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आणि १९४६ चे नऊ तास हीच आमच्या दृष्टीने कामगाराच्या व्यायामाची पहिली साधने होत. डंबेल नंतर.

आणि बाया? त्यांच्या घरात आखाड्याची साधने पिढ्यान्‌पिढ्या मांडलेलीच होती: जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, नळावरून तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या घागरी. आमच्या आजीचे दंड वडिलांच्या दंडांना लाजवतील असे होते. तिला व्यायाम कर असे कुणी म्हटले असते तर तिने हातातला वरवंटा दाखवला असता. दळणाच्या गिरण्या आल्या, जाती गेली, तेव्हा बायका हळहळल्या नाहीत. ‘जात्यामुळे तब्येत ठणठणीत राहत असे’ हे पुरुषांनीच मागाहून लिहिले आहे.

घरात जागा नाही, म्हणून कामगारांनी घराबाहेर सामाईक घर केले. तालीम ही चीज मुंबईची नव्हे. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले तयार झाले. कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमी होत्या, आणि शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधले. घाटावरचा माणूस गिरणीत आला तो ही सवय घेऊन आला. गिरणगावात चाळीच्या तळमजल्याला, देवळामागे, नाल्याकडेच्या पत्र्याखाली तालमी उभ्या राहिल्या. वर्गणी काढून तांबडी माती आणायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू कालवायचे, कोपऱ्यात मारुती बसवायचा, झाले. तिथे कुस्ती होई, गणपतीचे मेळे बसत, गावाकडून नवा आलेला आणि खोलीत मावत नसलेला पोरगा रात्री तिथेच पथारी टाकी. आमचे वडील १९६१ साली खटाव तालुक्यातून आले, तेव्हा पहिले सात महिने हौद्याच्या कडेला झोपले. त्यांच्या ट्रंकेत दोन धोतरे होती, आणि ट्रंकेबाहेर बाभळीचे दोन मुद्गल.

या तालमींचे नुसते गोडवे गाणे खोटेपणाचे होईल. राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावाचा इतिहास लिहिला आहे, त्यात या तालमी आणि त्यांचे दादा पुष्कळदा भेटतात. संपाच्या वेळी गेटवर उभी राहणारी पोरे याच हौद्यातून आली, आणि संप फोडण्यासाठी मालकाने बोलावलेली पोरेही याच हौद्यातून. कमावलेले अंग कुणाच्या बाजूने उभे राहील हे माती ठरवीत नाही. शिवाय हौद्यात सर्वांना उतरू देत नव्हते; कुणाला कोणत्या तालमीत पाऊल टाकता येते हे जातीवर ठरे, आणि बायकांचा तर प्रश्नच नव्हता. आमच्या युनियनच्या जुन्या मंडळींना ही गोष्ट काढलेली आवडत नाही. पण घरातल्या आखाड्याच्या बाजूने बोलायचे तर हेच बोलावे लागेल. घरात दार लावून नमस्कार घालणाऱ्याला कुणाची जात विचारता येत नाही.

वडील पहिल्या पाळीला जात. पहाटे चारला उठून चाळीच्या गच्चीवर मुद्गल फिरवीत, कारण खोलीत फिरवले असते तर पहिल्याच फेऱ्यात दिवा किंवा धाकटा भाऊ गेला असता. गच्चीला कुलूप लावायचा चाळ कमिटीचा ठराव एकदा झाला होता. वडिलांनी त्याविरुद्ध भाषण केले. त्यांच्या आयुष्यातील ते एकुलते भाषण. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. पहिल्या महिन्यांत त्यांची मेहनत वाढली. वेळच वेळ होता. आम्हाला बरोबर नेत, जोर कसे काढायचे ते दाखवीत. पावसाळ्यात दूध बंद झाले, मग दाळ पातळ झाली. दिवाळीच्या आधी केव्हातरी त्यांनी गच्चीवर जाणे सोडले. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, “खुराक नसताना मेहनत केली तर मेहनत माणसाला खाते.” मुद्गल खाटेखाली गेले. त्यांतला एक पुढे आईने दाराची अडणी म्हणून वापरला; दुसरा कुठे गेला ते कळले नाही. गिरणी काही पुन्हा नीट चालली नाही, आणि आमच्या शाळेचे काय झाले ते मघाशी सांगितलेच आहे.

म्हणून वर्तमानपत्रांत ‘घरच्या घरी व्यायामशाळा’ अशा मथळ्याखाली यंत्रांच्या याद्या छापून येतात तेव्हा आम्हाला ती यादी अर्धीच वाटते. तिच्यात आणखी तीन गोष्टी हव्यात: जमीन, वेळ आणि खुराक. या तिन्ही ज्याच्याकडे आहेत त्याला फार यंत्रे लागत नाहीत हे औंधकरांनी दाखवले. ज्याच्याकडे नाहीत त्याला यंत्रे घेऊन करायचे काय? चाळी पाडून त्या जागी मनोरे उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर बीडीडीच्या रहिवाशांना मिळू लागले आहे. हे चांगलेच झाले, आम्ही त्यासाठी मोर्चे काढले आहेत. आता पहाटे उठवावे असे जमिनीवर कुणी झोपलेले नाही. पण तिथल्या पोरांना विचारा, दिवसाचे नऊ तास कुणाचे उरले आहेत? आमचा तो सामान पोचवणारा मुलगा सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत दुचाकीवर असे. ‘गिग कामगार’ हा शब्द २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला, म्हणजे तो निदान कागदावर दिसू लागला. पण १९११ सालच्या कायद्याने गिरणीवाल्याला घातली तेवढीही तासांची मर्यादा त्या शब्दाला अजून चिकटलेली नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले हे विचाराल. सहा महिने त्याने दुचाकीला हात लावला नाही. आम्ही वर्गणी काढली. डॉक्टरांनी त्याला कमरेचे साधे व्यायाम सांगितले: पाठीवर पडून पाय उचलणे, मांजरासारखी पाठ वर-खाली करणे, असे पाचसहा. खर्च काही नाही, फक्त सतरंजीएवढी जमीन. आणि नेमकी तीच त्याच्याकडे नव्हती, कारण तो आठ जणांत एका खोलीत राहत होता. मग आमच्या कचेरीची मागची खोली, जिच्यात जुने फलक आणि बांबू ठेवलेले असत, ती आम्ही रिकामी केली. फलक भिंतीला लावले. एक सतरंजी, एका सुतार सभासदाने करून दिलेले सागवानी हत्ते, दोरी, आणि आईच्या दारामागचा तो मुद्गल, एवढे सामान. किल्ली पानवाल्याकडे ठेवली. हळूहळू त्याचे सोबती येऊ लागले, मग घरकाम करणाऱ्या दोन बाया दुपारी तीन ते चार या वेळेत येऊ लागल्या, त्यांनी आतून कडी लावायची असा नियम झाला. मुद्गल एकटाच असल्याने उजवा हात आणि डावा हात आळीपाळीने चालवावा लागतो. जोडीदार करून घ्यावा म्हणून सुताराला विचारले आहे. तो म्हणतो, तेवढ्या वजनाची जुनी बाभूळ मिळायला हवी.

मुलगा आता एका गोदामात बसून करायचे काम करतो. संध्याकाळी येतो. परवा एका कारखान्याच्या व्यवस्थापकांशी आम्ही फोनवर पगारवाढीची बोलणी करीत होतो, आणि ते टक्क्यांवर आले असताना मागच्या खोलीतून मोठ्याने आवाज आला, “सतरा, अठरा.” पलीकडचे गृहस्थ दचकून म्हणाले, अहो, आपण बारावर होतो ना?